निर्णयवही: आत्मपरीक्षण मनातल्या मनात का करू नये

आत्मपरीक्षण म्हटलं की डोळे मिटून शांत बसणं एवढंच बहुतेकांना सुचतं. टीम सांभाळणाऱ्याचं तेवढ्यावर भागत नाही, कारण निकाल लागला की मन आधीची आठवण गुपचूप बदलून ठेवतं. १९७२ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर जाण्याआधी बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं, अमुक गोष्ट घडण्याची शक्यता किती? दौरे झाल्यावर त्यांना आपापले जुने अंदाज आठवायला सांगितले. जे घडलं होतं, त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं बऱ्याच जणांना अगदी प्रामाणिकपणे आठवलं. खोटं कोणी बोलत नव्हतं. म्हणून वही हवी, आणि तिच्यात निकालाच्या आधी लिहायला हवं.

निर्णय घेतला त्याच दिवशी पाच ओळी लिहा. तारीख. काय ठरवलं. कोणते पर्याय सोडले आणि कशासाठी. काय होईल असं वाटतं, कधीपर्यंत, खात्री किती टक्के. पाचवी ओळ लोक हमखास गाळतात: त्या वेळी आपण कसे होतो? दमलेले, चिडलेले, घाईत, की कोणाला तरी नाही म्हणवत नव्हतं म्हणून हो म्हणून बसलेले? पुढे सगळ्यात जास्त याच ओळीतून कळतं, ती सोडू नका.

अंदाज मोघम नको. 'काम सुरळीत होईल' हे नंतर पडताळता येत नाही. '१५ तारखेपर्यंत पहिला मसुदा येईल, खात्री ७० टक्के' हे येतं. प्रत्येक बारीकसारीक गोष्ट लिहायला गेलात तर वही पंधरा दिवसांत बंद पडेल. ज्याचा दुसऱ्यांवर परिणाम होतो किंवा जे सहज मागे घेता येत नाही तेवढंच लिहा. आठवड्याला दोन-तीन नोंदी पुरतात.

मग आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, अर्धा तास. फोन दुसऱ्या खोलीत. अमेरिकी सैन्यात सरावानंतर जे चार प्रश्न विचारतात तेच इथे चालतात: काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक कशामुळे पडला, पुढच्या वेळी काय तसंच ठेवायचं नि काय बदलायचं. क्रम मोडू नका. सगळे तिसऱ्या प्रश्नावर उडी मारतात आणि काय झालं हे धड न बघताच कारणं शोधू लागतात. निम्मा वेळ पहिल्या दोन प्रश्नांना द्या.

'मीटिंग वाईट झाली, मी कोणाचं ऐकतच नाही.' ही नोंद नाही, हा स्वतःला सुनावलेला निकाल आहे. नोंद अशी असते: 'नवीन मुलगी अडचण सांगत होती. तिचं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उपाय सांगितला. नंतर ती शेवटपर्यंत बोलली नाही. माझं लक्ष पुढच्या कॉलकडे होतं.' आता करण्यासारखं काहीतरी हाती लागतं: आधी एक प्रश्न, मग उपाय, आणि दोन कॉलमध्ये १० मिनिटं मोकळी.

'मी असा का आहे?' या प्रश्नाला तळ नसतो. तेच वाक्य तिसऱ्यांदा लिहिलं जातंय आणि नवा तपशील एकही येत नाही, म्हणजे विचार पुढे जात नाहीत, नुसते उगाळले जाताहेत. तिथेच थांबा, 'उद्या काय करणार' ही एक ओळ लिहा आणि वही मिटा. फारच जिव्हारी लागलेला प्रसंग असेल तर स्वतःचं नाव घेऊन, दुसऱ्या कोणाबद्दल लिहावं तसं लिहून पाहा. थोडं लांबून बघता येतं. आठवडेच्या आठवडे झोप उडत असेल तर मात्र वहीवर विसंबू नका, समुपदेशकाशी बोला.

यशाचीही उजळणी करा. काम फत्ते झालं म्हणजे निर्णय चांगलाच होता असं नाही. कधी नुसतं नशीब साथ देतं, आणि तीच सवय पुढे अंगाशी येते.

काही गोष्टी मात्र वहीत कधीच दिसणार नाहीत, कारण त्या फक्त समोरच्याला दिसतात. 'माझं काही चुकतंय का?' असं वरिष्ठानं विचारलं तर 'नाही, सगळं छान आहे' हेच उत्तर येणार. नेमकं विचारा: 'परवाच्या मीटिंगमध्ये मी कुठे गप्प बसायला हवं होतं?' उत्तर मिळाल्यावर खुलासा देऊ नका. एकदा खुलासा दिलात की पुढच्या वेळी खरं सांगायला कोणी येत नाही. त्यांचेच शब्द लिहून घ्या, आणि आठवड्याभरात काय बदललं ते त्यांना जाऊन सांगा.

तीन महिन्यांनी जुन्या नोंदी काढा. ७० टक्के खात्रीच्या किमान १० नोंदी जमल्या असतील तर त्यांतल्या साधारण सात खऱ्या ठरायला हव्यात. चारच ठरल्या असतील तर पुढच्या वेळी टीमला किंवा ग्राहकाला तारीख देताना ती आधी वाढवा, मग बोला.