साठ पीडीसी, तीन वर्षं: एचआर सर्टिफिकेट टिकवताना या चुका टाळा

माझ्या एचआर सर्टिफिकेटच्या पहिल्या सायकलचे, म्हणजे नूतनीकरणाच्या तीन वर्षांचे, चार महिने उरले होते तेव्हा मी पोर्टल उघडून पाहिलं. हवे होते ६० पीडीसी (शिकण्याबद्दल आणि कामाबद्दल मिळणारी व्यावसायिक विकासाची क्रेडिट), खात्यात होते साडेअकरा. काहीच शिकले नव्हते असं नाही. दोन परिषदा झाल्या होत्या, कंपनीत मूल्यमापनाची नवी पद्धत आणली होती, कायद्यांवरची कितीतरी सत्रं ऐकली होती. नोंद मात्र कशाचीच नव्हती. जानेवारी आला की ‘इन्व्हेस्टमेंट प्रूफ द्या’ म्हणून सगळ्या ऑफिसच्या मागे लागणारी मी, स्वतः जुन्या ईमेलमध्ये प्रमाणपत्रं शोधत बसले.

एसएचआरएम या अमेरिकन एचआर संस्थेचं (बोलताना आमच्याकडे सगळे ‘शर्म’ म्हणतात, त्या दिवशी ते अगदी पटलं) सीपी हे सर्टिफिकेट असो की वरच्या पातळीचं एससीपी, दर तीन वर्षांनी ६० पीडीसी लागतात. नाहीतर परीक्षा पुन्हा द्यायची. हिशेब सोपा आहे: एक तास म्हणजे एक पीडीसी, पाव तास म्हणजे ०.२५. तरी पहिली चूक इथेच होते. नऊ ते पाचची कार्यशाळा म्हणजे आठ पीडीसी नव्हेत. चहा, जेवण आणि दीपप्रज्वलन वजा करा.

मुदत कधी संपते?

बहुतेक जण प्रमाणपत्रावरची तारीख बघून तीन वर्षं मोजतात. एसएचआरएमची सायकल मात्र तुमच्या जन्ममहिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते. आपल्याकडे यात एक गंमत आहे. शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहून टाकलेली मंडळी अजून नोकरीत आहेत. घरी वाढदिवस दिवाळीनंतर होतो, कागदावर जूनमध्ये. खातं उघडताना कागदावरची तारीख दिली असेल, तर तुमची मुदत ३० जून. घरच्या केकवर विसंबू नका. आणि परीक्षा पास होण्याआधी केलेली तयारी, क्लास, सराव चाचण्या या ६० मध्ये धरल्या जात नाहीत.

‘मान्यताप्राप्त’ नसलेलं फुकट जात नाही

एसएचआरएमच्या मान्यताप्राप्त कार्यक्रमाला क्रमांक असतो, तो टाकला की माहिती आपोआप भरते. म्हणून लोकांना वाटतं, क्रमांक नाही म्हणजे पीडीसी नाही. असं नाही. विषय त्यांच्या ‘बास्क’ या कौशल्य-आराखड्यात बसत असेल, तर बाहेरचं सत्रही स्वतः नोंदवता येतं. फक्त पुरावा ठेवा: विषयपत्रिका, तारीख, वेळ, हजेरीचं प्रमाणपत्र. काही अर्ज तपासणीसाठी निवडले जातात आणि तेव्हा ‘मी होते तिथे’ हे पुरत नाही.

सगळ्यात जास्त पीडीसी वाया जातात ते स्वतःच्या कामातले. संस्थेसाठी केलेल्या प्रकल्पांचे २० पर्यंत पीडीसी मिळू शकतात आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी तो रकाना उघडूनही पाहिलेला नाही. उरलेले निम्मे उलटी चूक करतात, तिथे रोजचं काम भरतात. दरमहा पगारपत्रक काढणं, मुलाखती घेणं, रजेचे अर्ज मंजूर करणं हे चालत नाही. प्रकल्पाला सुरुवात आणि शेवट हवा, त्यातून काहीतरी बदललेलं दिसायला हवं. चाकणच्या कारखान्यातली कंत्राटी कामगारांची हजेरी वहीतून अ‍ॅपवर आणली, हा प्रकल्प. ती हजेरी रोज तपासली, ही नोकरी. प्रकल्प संपला की त्याच आठवड्यात पानभर टिपण लिहा: अडचण काय होती, तुम्ही काय केलंत, परिणाम काय. त्यावर साहेबांचा होकार ईमेलने घेऊन ठेवा. साहेब नोकरी बदलतात, मग तो होकार कोणाकडे मागणार?

शिकवणं, लेख लिहिणं, व्यवसायासाठी स्वयंसेवा यांचा रकाना वेगळा, मर्यादा ३०. तेच व्याख्यान चार कॉलेजांत दिलं तर चौपट पीडीसी मिळत नाहीत.

एचआरसीआय या दुसऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट असलेल्यांनी एवढं बघावं: त्यांच्या पीएचआर आणि वरच्या पातळीच्या एसपीएचआर दोन्हींना तीन वर्षांत ६० क्रेडिट आणि त्यात एक नीतिमत्तेचं. एसपीएचआरला शिवाय किमान १५ ‘बिझनेस’ क्रेडिट लागतात. ५९ इतर विषयांचे जमवून शेवटी नीतिमत्तेच्या त्या एका तासासाठी अडकलेला माणूस मी पाहिला आहे.

फुकट मिळतं म्हणून ऐकू नका

घाईत लोक मिळेल ते वेबिनार लावून बाजूला एक्सेल भरत बसतात. नेतृत्वावरची सत्रं तर ढिगाने मिळतात, आणि तिसऱ्यानंतर सगळी सारखीच वाटतात. इकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यांत विलीन झाले. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात धरायची. राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकवायचं. मुदतबंद नेमणुकीवरच्या माणसाला वर्षभराच्या सेवेवरही ग्रॅच्युइटी. ‘फुल अँड फायनल (नोकरी सोडणाऱ्याचा शेवटचा हिशेब) पंचेचाळीस दिवसांनी’ हे पाठ असलेल्या एचआरने आपले तास आधी इथे खर्च करावेत. वेतनसंहितेवरचं सत्र बास्कमधल्या ‘टोटल रिवॉर्ड्स’शी (पगार आणि इतर लाभ) सहज जोडता येतं.

दोनच महिने उरलेत आणि पंचवीस कमी आहेत?

नवं काही लावण्याआधी जुनं शोधा. कॅलेंडर तीन वर्षं मागे न्या, ईमेलमध्ये ‘सर्टिफिकेट’, ‘पार्टिसिपेशन’, ‘रजिस्ट्रेशन’ असे शब्द टाका. माझे तेवीस पीडीसी असेच सापडले. मग प्रकल्पाचा रकाना भरा. एवढं करूनही खड्डा उरला, तरच एखादा दोन दिवसांचा सशुल्क कार्यक्रम घ्या. दहा-बारा पीडीसी एकदम मिळतात. इतर तास रोज एक असे संध्याकाळी भरून निघतात.

आणि ६० चा आकडा दिसला म्हणून पोर्टल बंद करू नका. त्यानंतर अर्ज सादर करून शुल्क भरावं लागतं, तोवर नूतनीकरण झालेलं नसतं. माझी एक मैत्रीण ६४ पीडीसी घेऊन निवांत बसली होती. ते बटण तिने मुदतीच्या आदल्या रात्री साडेअकराला दाबलं, तेही मी सहज फोन केला म्हणून.