साथीत कामावर परतताना: मोजणी घराच्या उंबऱ्यापासून करा

"मॅडम, सोमवारपासून बोलावलंय. जाऊ का नको?" २०२० च्या जूनमध्ये राज्यात 'मिशन बिगिन अगेन' सुरू झालं, तेव्हा हा फोन मला रोज यायचा. मी पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, सुरक्षा अधिकारी आहे. यंत्राचं गार्ड, क्रेनची साखळी, पेंट बूथमधला धूर यांची जोखीम मोजायची, हे माझं काम. विषाणू आमच्या यादीत नवा होता, पण मोजायची रीत जुनीच उपयोगी पडली. तीच इथे सांगते. उदाहरणं कोविडची आहेत, पण श्वासातून पसरणारी पुढची कुठलीही साथ आली तरी हाच हिशेब करता येईल.

आमच्याकडे प्रत्येक धोक्याला दोन आकडे देतात, एक ते पाच. घडण्याची शक्यता किती, आणि घडलंच तर नुकसान किती. मग दोन्हींचा गुणाकार. त्या गुणाकाराला ब्रह्मवाक्य समजू नका, आकडे शेवटी आपणच अंदाजानं टाकतो. फायदा इतकाच की दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होत नाही. "आमच्या कंपनीत एकच केस निघाली" हे शक्यतेबद्दल झालं. "माझ्या आईचं डायलिसिस चालू आहे" हे नुकसानीबद्दल. पहिलं सांगून दुसरं झाकता येत नाही.

आधी नुकसानीचा आकडा

हा घरात बसून काढायचा. कागदावर घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय आणि दुखणी लिहा. कोविडमध्ये सगळ्यात मोठा फरक वयानं पडला. त्यानंतर मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार, कॅन्सरचे उपचार, लठ्ठपणा. गरोदर बाईला आजार जड जाण्याची शक्यता जास्त होती. पासष्टच्या पुढचे, जुने आजार असलेले, गरोदर स्त्रिया आणि दहा वर्षांखालची मुलं यांनी घरीच थांबावं, असं केंद्राच्या सूचनांत होतं ते उगाच नव्हतं.

मग घराकडे बघा. एकाला ताप आला तर वेगळं झोपायला खोली आहे का? वेगळं संडास-बाथरूम? चाळीत, वन रूम किचनमध्ये 'होम आयसोलेशन' हा शब्द बोलायलाच सोपा. तिथे कामावर जाणारा माणूस आणि घरातलं म्हातारं माणूस यांची जोखीम एकच धरायची. साखर मोजायची राहून गेली असेल तर ती आधी मोजून घ्या. आपल्याला मधुमेह आहे हे कित्येकांना कोविडच्या वॉर्डात दाखल झाल्यावर कळलं.

लस आली की हा आकडा खाली येतो, शून्य होत नाही. आपल्याकडे लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं, आणि पंचेचाळीस ते साठमधल्या ज्यांना जुना आजार नव्हता त्यांची पाळी १ एप्रिलला आली. तेव्हा दुसरी लाट चढत होती. 'लस घेऊन मग जाईन' असं ठरवणाऱ्यानं तारखांचाही हिशेब ठेवावा. सुई टोचली त्या दिवशी संरक्षण मिळत नाही, त्याला काही आठवडे जातात.

गावाची हवा

रोजच्या रुग्णसंख्येपेक्षा दोन आकडे बघा: शंभर चाचण्यांमागे किती बाधित, आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्यात. जून २०२१ मध्ये राज्यानं जिल्ह्यांचे पाच स्तर पाडले ते याच दोन आकड्यांवर. बाधितांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आणि खाटा पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर. प्रमाण वीसच्या वर गेलं किंवा खाटा पंचाहत्तर टक्क्यांवर भरल्या तर पाचवा. खाटांचा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो तुमच्या नुकसानीच्या रकान्यातही जातो. एप्रिल २०२१ मध्ये आजार तोच असून खाट मिळणं न मिळणं यावर जीव अवलंबून होता.

आणि आजचा आकडा आजचा नसतो. लागण, मग लक्षणं, मग चाचणी, मग अहवाल. यात आठवडा सहज जातो. आलेख चढत असेल तर खरी परिस्थिती कागदापेक्षा वाईट आहे असं धरून चाला.

आता दिवस मोजा, उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

लोक कंपनीच्या गेटपासून मोजायला लागतात, तिथेच पाणी मुरतं. घरातून पाऊल टाकल्यापासून परत येईपर्यंत दिवसाचे तुकडे पाडा: रिक्षा, बस, पंचिंगची रांग, लॉकर रूम, मशीन, चहा, जेवण, मीटिंग, पुन्हा बस. प्रत्येक तुकड्यापुढे चार गोष्टी लिहा. किती माणसं, किती वेळ, हवा बंद का खेळती, आणि माणसं गप्प का बोलतात.

वेळ आणि बंद हवा यांचं वजन किती असतं, ते दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या एका कॉल सेंटरच्या प्रकरणात दिसलं. मार्च २०२० मध्ये तिथे अकराव्या मजल्यावर २१६ जण काम करत होते, त्यातले ९४ बाधित निघाले. बहुतेक सगळे मजल्याच्या एकाच बाजूला बसणारे. लिफ्ट आणि लॉबी सगळ्या इमारतीची सामायिक होती, तरी इमारतीतल्या बाकी तपासलेल्या लोकांत मिळून तिघंच सापडले. लिफ्टमधल्या एका मिनिटाची धास्ती घेणारा माणूस शेजारच्या खुर्चीवर आठ तास निवांत बसतो.

शॉप फ्लोअरवर, म्हणजे जिथे मशीनं चालतात तिथे, आवाजाचंही बघावं लागतं. प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबून आकार देतात, तिथे धाडधाड चालू असते. हेल्परला काही विचारायचं झालं की तो मास्क हनुवटीवर ओढतो, ऑपरेटरच्या कानाशी तोंड नेतो आणि ओरडतो. पाळीभर मास्क घातला आणि नेमका तोंडातून जास्तीत जास्त थेंब उडतात त्या क्षणी काढला! आम्ही तिथे पांढरी पाटी आणि मार्कर टांगला, नेहमीच्या सूचनांना हाताच्या खुणा ठरवल्या. खर्च किरकोळ. तुमच्या कामात अशी जागा कुठे आहे ते शोधा, बहुधा कुणी सांगणार नाही.

सगळ्यात वाईट तुकडा कुठला निघतो? आमच्याकडे जवळजवळ नेहमी बस आणि जेवण. जुलैचा पाऊस, कंपनीच्या बसच्या काचा बंद, निगडीहून चाकणपर्यंत गप्पा. आणि कँटीनमध्ये तर सगळेच मास्क काढून समोरासमोर. उंच शेडमधलं मशीन, दोन्ही टोकांची शटर उघडी, शेजारचा माणूस दहा फुटांवर, ही जागा त्या मानानं बरीच बरी.

कंपनीला काय विचारायचं

थर्मल गन आणि सॅनिटायझर आहे का, हे विचारू नका. ते असतंच. कोविडचा माणूस लक्षणं दिसायच्या दोनेक दिवस आधीपासून पसरवू शकतो, आणि कित्येकांना ताप येतच नाही. भर उन्हातून बाइकवर आलेला पोरगा गनवर तापलेला दिसतो आणि क्रोसिन घेऊन आलेला माणूस नॉर्मल.

माझा पहिला प्रश्न वेगळा आहे: तापात घरी थांबलं तर पगार मिळतो का? कायम कामगारांना आणि ठेकेदाराच्या माणसांनाही? हातावर पोट असलेल्या माणसाचा खाडा कापला जाणार असेल तर तो ताप लपवणार, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या कंपनीनं ठेकेदाराच्या पोरांनाही आजारपणाचा पगार दिला, तिथे माणसं पहिल्याच दिवशी फोन करून सांगायची. माझ्या मते सगळ्या फवारण्यांपेक्षा ही एक गोष्ट जास्त कामाची.

दुसरा प्रश्न हवेचा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवतो. खिडकी उघडते का? एक्झॉस्ट आहे का, आणि तो चालतो का? कागदाचा तुकडा जाळीजवळ धरा. चिकटला तर हवा ओढतोय. १९४८ चा कारखाना कायदा कामाच्या खोलीत माणशी १४.२ घनमीटर जागा मागायचा, तीही ४.२ मीटरच्या वरची उंची न धरता. हा नियम गर्दीसाठी होता, साथीसाठी नव्हे, पण मोजपट्टी म्हणून चांगला. दहा बाय दहाची, दहा फूट उंच केबिन म्हणजे साधारण २८ घनमीटर. तिथे तीन माणसं बसवली की प्रत्येकाच्या वाट्याला साडेनऊसुद्धा येत नाही.

तिसरा: कुणी बाधित निघालं तर आम्हाला कधी आणि कोण सांगणार? नाव नको, कुठली पाळी आणि कुठली लाइन एवढं पुरे. मास्कबद्दल एवढंच, की एन-९५ घ्यायचा तर झडपेचा नको, त्या झडपेतून तुमचा श्वास न गाळता बाहेर पडतो. चष्म्यावर वाफ धरत असेल तर नाकाजवळ फट आहे. घामानं भिजतो म्हणून जोडीला दुसरा डब्याच्या पिशवीत ठेवा.

दोन घरं

आमच्या सोसायटीतला एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन) ऑपरेटर, वय चौतिसच्या आसपास, घरात मधुमेही वडील. शेड उंच आणि मोकळं, पण बस पन्नास मिनिटं आणि कँटीन कोंदट. काम घरून होणार नाही, घराचा हप्ता चालू. त्यानं मशीनची चिंता सोडून त्या दोन तुकड्यांवर हात घातला. बाइकवर एकट्यानं जायचं आणि डबा लोडिंगच्या ओट्यावर खायचा. पाळी संपली की गप्पांना थांबायचं नाही. वडिलांची झोपायची जागा हॉलमधून आतल्या खोलीत गेली, आणि हा हॉलमध्ये खिडकीपाशी. तो गेला कामावर, आणि माझ्या मते बरोबर गेला.

दुसऱ्या एक ताई, पन्नाशीच्या, बीपी आणि दमा. अकाउंट्सला. वर सांगितलेल्या केबिनसारखीच केबिन, स्प्लिट एसी, खिडकीला फळी ठोकलेली. लोक त्यांना म्हणायचे, "तुमचं काय बाई, ऑफिसचं काम, स्वच्छ!" गुणाकार केला तर त्यांचा आकडा ऑपरेटरच्या दुपटीला गेला. पण टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, घरून चालत होतं. त्यांनी मालकाला सांगितलं, चेकवर सह्या घ्यायला शनिवारी येईन, तेही बाकीचे नसताना. मालकानं आधी कुरकुर केली, मग मान्य केलं, कारण महिनाअखेरचा हिशेब त्यांच्याशिवाय निघत नव्हता. आपण नसलो तर काय अडतं, हे बोलायला जायच्या आधी माहीत असलेलं बरं.

पैशाचा रकाना

न जाण्यालाही जोखीम असते आणि ती कागदावर आली पाहिजे. शिलकीवर किती महिने निघतील, कुठला हप्ता पुढे ढकलता येईल, नोकरी गेली तर पुढची किती दिवसांत मिळेल. पगार द्यावाच, असा केंद्राचा २९ मार्च २०२० चा आदेश मेमध्येच मागे घेतला गेला. पुढच्या साथीत तसल्या आदेशाच्या भरवशावर राहू नका. ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा) कार्ड असेल तर आजारपणात ७० टक्के पगार, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, ही सोय असते. पण ठेकेदारानं तुमची वर्गणी खरोखर भरली आहे का ते आत्ताच तपासा, ताप आल्यावर नव्हे. पीएफमधून तेव्हा तीन महिन्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यातलं कमी असेल तेवढं काढता येत होतं. अगदीच नड असेल तरच त्याला हात लावा.

आणि गेलात तरी थांबायची अट आधीच लिहून ठेवा. जिल्ह्यातल्या ऑक्सिजन खाटा अमुक टक्क्यांवर गेल्या, किंवा माझ्या लाइनवर दोन जण बाधित निघाले, की मी रजा टाकणार. आकडा तुम्ही ठरवा, पण थंड डोक्यानं, आत्ता. दर पंधरवड्याला कागद पुन्हा काढा, कारण साथ बदलते आणि पावसाळ्यात खिडक्याही बंद होतात.

सुपरवायझरशी बोलणं झालं की तेच व्हॉट्सॲपवर लिहून टाका. भांडणाचा सूर नको. मी लोकांना हा मजकूर द्यायचे:

"साहेब, नमस्कार. सोमवारपासून कामावर यायची तयारी आहे. घरी वडील मधुमेही आहेत, म्हणून तीन गोष्टी कळवाव्यात ही विनंती. एक, ताप आल्यास घरी थांबलो तर पगाराचं काय. दोन, मी बसऐवजी बाइकनं आलो तर पार्किंगचा पास मिळेल का. तीन, डबा बाहेर ओट्यावर खाल्ला तर चालेल ना. आपलं उत्तर आलं की लगेच रुजू होतो."

तिसऱ्याला होकार लगेच येतो, दुसऱ्याला दोन दिवसांनी. पहिल्याचं उत्तर फोनवरच देतात. तसं झालं तर "फोनवर बोलल्याप्रमाणे" अशी सुरुवात करून ते उत्तर तुम्हीच लिहून पाठवा, आणि स्क्रीनशॉट घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरही ठेवा.