टर्बो गाडीला मोठा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक पंखे बसवताय? या चुका टाळा

"गाडी तापत होती म्हणून मोठा रेडिएटर टाकला, पंखे टाकले, आणि आता आधीपेक्षा जास्त तापते." असं म्हणत कुणी आलं की मी लगेच बॉनेट उघडत नाही. आधी एकच विचारतो, कधी तापते? सिग्नलला उभी असताना, घाट चढताना, की हायवेला शंभरच्या पुढे? बहुतेकांना सांगता येत नाही, कारण काट्याकडे त्यांचं लक्ष गेलेलं असतं ते तो लाल पट्टीत शिरल्यावरच.

उभ्या गाडीत तापते आणि चालायला लागली की उतरते, तर पंखा, काउल (पंख्याभोवतीचं आवरण) किंवा वायरिंग बघायचं. उभी असताना ठीक आणि वेगात तापते, तर रेडिएटरची जाळी चोंदलीय, पाणी नीट फिरत नाही किंवा हवेला वाट नाही. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीत बुडबुडे येतात आणि होज (रबरी नळी) लगेच टणक होतो, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्यायचा. रेडिएटरवर पैसे घालून काही होणार नाही. एवढं न बघता थेट ऑर्डर मारणं ही पहिली चूक, आणि सगळ्यात महागही तीच.

माझ्याकडे या कामाला जास्त करून जुन्या थार आणि बोलेरो येतात. पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून इलेक्ट्रिक लावायचा असतो. कारण चांगलं असेल तर मी आडवा येत नाही. ओढ्यात गाडी घालणाऱ्याला इलेक्ट्रिक पंखा हवाच. पट्ट्याचा पंखा पाण्यात फिरला की पाती पुढे वाकतात आणि जाळीत घुसतात, मग भर पावसात गाडी ट्रॅक्टरने ओढून आणावी लागते. पण "मायलेज वाढेल" एवढ्यासाठी चांगला चाललेला पंखा काढू नका.

पंखे उलटे फिरणं

यावर जरा सविस्तर बोलतो, कारण ही चूक दिसत नाही आणि माणसाचं दिवाळं काढते.

एक थार आली होती. ॲल्युमिनियमचा नवा रेडिएटर, मागे बारा इंची दोन पंखे, पुढे मोठा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी). पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये तासभर उभी ठेवली तरी काटा हलत नव्हता. साताऱ्याकडे निघाली आणि खंबाटकी चढायला लागली की अर्ध्या घाटात काटा वर. मालकाने तोवर काय काय केलं होतं? थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून फेकला. वॉटर पंप बदलला. रेडिएटरला जास्त दाबाचं झाकण लावलं. एका गॅरेजने तर हेड उतरवायचा खर्चही लिहून दिला होता.

मी वर्तमानपत्राचं एक पान घेतलं, गाडी चालू ठेवून पंखे लागायची वाट पाहिली आणि पान ग्रिलसमोर धरलं. पंखा जाळीच्या मागे असेल तर तो हवा आत ओढतो आणि पान ग्रिलला चिकटतं. इथे पान माझ्या तोंडावर आलं. दोन्ही पंखे इंजिनाकडची गरम हवा जाळीतून पुढे ढकलत होते.

गाडी उभी असताना हे चालून जातं. हवा कुठल्याही दिशेने गेली तरी जाळीतून जातेय ना, मग थोडंफार थंड होतं. पण गाडी पुढे निघाली की समोरून वारा आत येतो, पंखा तोच वारा बाहेर ढकलतो आणि मधे जाळीत हवा जवळजवळ थांबते. त्यात घाटात टर्बो पूर्ण दाबावर, म्हणजे इंजिनाची उष्णता सगळ्यात जास्त तेव्हाच. काटा चढणार नाही तर काय?

दुरुस्ती दोन वायरींच्या अदलाबदलीची, पण तेवढ्यावर थांबू नका. बाजारातले बरेच पंखे दोन्हीकडे चालतील असे येतात. ढकलायचा की ओढायचा यानुसार मोटरची वायर बदलतात आणि पातंही काढून उलटं बसवतात. नुसती वायर बदलली तर हवेची दिशा सुधारते, पण पात्याचं वळण चुकीच्या बाजूला राहतं आणि जोर कमी पडतो. या गाडीत पाती मुळात बरोबर होती, वायर उलटी होती. मालकाचा चेहरा बघवत नव्हता. हेड उतरवण्यापासून वाचला एवढं खरं.

पंखे बसवल्यावर कागद धरून बघणं ही माझी सवय आहे. फुकट असतं. पण "किटसोबत व्हिडिओ होता ना" म्हणणाऱ्यांना फुकटच्या गोष्टींवर विश्वास नसतो.

काउल फेकून देणं

जुन्या पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं काउल नव्या रेडिएटरवर बसत नाही, म्हणून ते भंगारात जातं आणि पंखे थेट जाळीला चिकटवले जातात. हिशोब करा. ६५ बाय ४० सेंमीची जाळी म्हणजे २६०० चौरस सेंमी. चौदा इंची पंख्याचा गोल जेमतेम १००० चौरस सेंमी. काउल नसेल तर पंखा आपल्या गोलापुरतीच हवा ओढतो. उरलेली दीडपट जाळी उभ्या गाडीत नुसती बघत बसते.

पत्र्याचं काउल बनवून घ्या. पातं आणि जाळी यांत दोन ते पाच सेंमी मोकळी जागा हवी. काउलच्या कडा जाळीच्या कडांपर्यंत पोचल्या पाहिजेत आणि मधे फट राहिली तर फोमची पट्टी. हायवेला जास्त जाणाऱ्या गाडीच्या काउलला मी रबराचे झडपे लावतो. वेगात वाऱ्याने ते उघडतात, नाहीतर तेच काउल वारा अडवतं.

आणि ते जाळीतून आरपार जाणारे प्लास्टिकचे बंद? किटमध्ये मिळतात म्हणून वापरू नका. पंख्याच्या थरथरीने वर्षभरात नळ्या घासतात आणि गळती नेमकी मधोमध लागते, जिथे वेल्डिंगही करता येत नाही.

जाड म्हणजे थंड, हा समज

मूळ रेडिएटर तीन सेंमीच्या आसपास जाड असतो. त्याच्या जागी साडेपाच सेंमीचा घेतात आणि पंखे सगळ्यात स्वस्त. जाड जाळीतून हवा ओढायला जोर लागतो. त्यात टर्बो गाडीत तीन थर असतात: पुढे इंटरकूलर, मग एसीचा कंडेन्सर, मग रेडिएटर. दोन ठिकाणी तापून आलेली हवा शेवटी त्याच्या वाट्याला. पैसे मर्यादित असतील तर मध्यम जाडीचा रेडिएटर आणि चांगले पंखे घ्या. तिन्ही थरांच्या बाजूच्या फटीही बुजवा. हवा आळशी असते, जाळीतून घुसण्यापेक्षा बाजूने सटकणं तिला सोपं.

हेडलाइटची वायर पंख्याला

दुसरी आवडती चूक. डॅशबोर्डवर एक बटन, त्यातून पातळ वायर, एकाच वायरीवर दोन्ही पंखे. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही, आणि फ्यूज असलाच तर त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली.

प्रत्येकी १५ अँपिअरचे दोन पंखे म्हणजे ३० अँपिअर, आणि सुरू होतानाचा झटका त्याच्या दुप्पट-तिप्पट. १ चौ. मिमीच्या वायरीतून जाऊन येऊन सहा मीटरवर एवढा करंट गेला तर तीन व्होल्टहून जास्त वाटेतच संपतात. मीटर लावून पाहिलंय: बॅटरीवर १३.८ आणि पंख्याच्या टोकाला १०.५. पंखा फिरताना दिसतो, आवाजही करतो, म्हणून कुणी त्याच्यावर संशय घेत नाही. वाया गेलेले ते तीन व्होल्ट वायर तापवत असतात. डॅशबोर्डखाली जळका वास आला की मग फोन येतो.

मी प्रत्येक पंख्याला वेगळा ४० अँपिअरचा रिले देतो, वेगळा फ्यूज देतो आणि वायर ४ चौ. मिमीची टाकतो. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीची लाइन, ८७ पंख्याला, ८५-८६ कॉइलला. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. पंख्याजवळ लावलेला फ्यूज अलीकडची वायर वाचवत नाही. थिंबल (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) पक्कडीने चेपू नका, क्रिंपिंगचं हत्यार घ्या. वायर तोडून पिळून टेप मारणाऱ्यांना मी दुसऱ्यांदा हात लावू देत नाही.

अर्थिंगचा मुद्दा वेगळा सांगतो. पंख्याची निगेटिव्ह वायर रेडिएटरच्या अंगाला लावायची नाही. ती चॅसिसला किंवा सरळ बॅटरीला. नाहीतर करंट कूलंटमधून वाट काढतो आणि ॲल्युमिनियमला आतून बारीक भोकं पडतात. तपासायचं असेल तर मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन थंड रेडिएटरच्या कूलंटमध्ये बुडवा, धातूला न टेकवता, आणि पंखे सुरू करा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ०.३ दिसला तर कुठेतरी अर्थिंग खराब आहे.

थर्मोस्टॅट काढणं

आपल्याकडचा सगळ्यात जुना उपाय. "आपल्या हवेत लागतोच कशाला?" लागतो. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा, आणि काही पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात परत फिरतं. म्हणजे हिवाळ्यात पहाटे इंजिन गरम होत नाही आणि मे महिन्यात घाटात तापतं. थंड इंजिनाला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) डिझेल-पेट्रोलही जास्त पाजतो.

सेन्सर कुठेही खुपसणं

स्वस्त किटचा प्रोब जाळीच्या बारीक पत्र्यांत (फिन्समध्ये) खुपसायचा असतो. तो धड पाण्याचं तापमान सांगत नाही, धड हवेचं. इंजिनातून पाणी बाहेर येतं तिथे होजमध्ये ॲडाप्टर टाकून सेन्सर बसवा. थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडत असेल तर पंखा साधारण ९२-९५ ला लागावा आणि ८७ ला बंद व्हावा. ८० ला पंखा लावून ठेवणारे भेटतात. त्यांचा पंखा कधीच बंद होत नाही आणि मग अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला) शिव्या घालतात. डॅशवर बटन हवंच असेल तर फक्त ओढ्यात पंखा बंद करायला ठेवा. पंखा लावायची आठवण माणसावर सोडू नका, गप्पांच्या नादात विसरतोच.

एसी लावला की निदान एक पंखा लागलाच पाहिजे. कॉम्प्रेसरच्या लाइनवरून रिलेला सिग्नल घ्या. हे राहिलं की ट्रॅफिकमध्ये एसी गरम हवा मारतो आणि माणूस गॅस भरायला धावतो.

घाईत पाणी भरणं

हवा अडकणं म्हणजे एअरलॉक. वरपर्यंत भरलं, झाकण लावलं, निघाले; दहा किलोमीटरवर काटा उडतो. पेट्रोल टर्बोच्या बहुतेक गाड्यांत टर्बोच्या मधल्या भागातूनही कूलंट फिरतं आणि त्या बारीक नळ्यांत हवा हमखास अडकते. गाडीचं तोंड चढावर करा, हीटर पूर्ण गरमवर, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा) असेल तर सैल, झाकण उघडं, इंजिन आयडलवर. वरचा होज हाताने दाबत राहा. थर्मोस्टॅट उघडून खालचा होजही गरम होईपर्यंत आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत मी गाडी सोडत नाही. अर्धा तास जातो. "लवकर होईल का?" असं विचारणाऱ्याला मी चहा पाठवतो.

दुसऱ्या दिवशी थंड गाडीत पातळी पुन्हा बघायची. थोडी उतरलेली असतेच.

बाकीच्या, थोडक्यात

बोअरचं पाणी नको. क्षार नळ्यांत बसतात. डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण.

हिरवं-लाल कूलंट रंग बघून एकत्र करू नका. रंगावरून प्रकार कळत नाही, आणि न जुळणारे प्रकार मिसळले की गाळ होतो. आधीचं सगळं धुऊन काढा.

गळती थांबवायला हळद नको. ट्रकवाल्यांचा हा जुगाड जुन्या मोठ्या नळ्यांत एखाद्या वेळी चालला असेल, टर्बोच्या बारीक लाइनीत तीच हळद गच्च बसते.

जास्त दाबाच्या झाकणाने थंड होत नाही, फक्त उकळणं लांबतं, आणि जुने होज त्या दाबाला फुटतात. गाडीला दिलेल्या आकड्याचंच घ्या, पण नवं घ्या. सैल झाकण घाटमाथ्यावर दगा देतं. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं.

ॲल्युमिनियमचा रेडिएटर थेट बोल्टने आवळू नका. खाली-वर रबरी बुश हवेत, नाहीतर खड्ड्यांत चॅसिस पिळतं आणि वेल्ड सुटतो.

नव्या रेडिएटरची तोंडं वेगळ्या जागी असली की होज टर्बोला चिकटून जातो. चार बोटं अंतर ठेवा, जमत नसेल तर हीट शील्ड लावा.

घाट चढून आल्याआल्या इंजिन बंद करू नका. मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवा.

आणि एवढा खर्च करून ग्रिलसमोर फॉगलॅम्पची रांग, विंच आणि गावाच्या नावाची पाटी लावणार असाल, तर निदान पाटी काचेवर लावा.