हार्ट फेल्युअर असलेल्या माणसाला घरच्या घरी मेंदूचा व्यायाम कसा द्यायचा

हार्ट फेल्युअर म्हटलं की सगळ्यांचं लक्ष धाप, पायावरची सूज आणि ईएफच्या (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं त्याच्या) आकड्याकडे, डोक्याचं काय चाललंय ते कुणी विचारतच नाही. आमच्या बाबांचं तेच झालं, सकाळची गोळी घेतली का हे दहा मिनिटांत विसरायचे आणि आम्ही म्हणायचो वय झालं आता. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण हृदय जेवढं रक्त ढकलतं त्यातलं १५ ते २० टक्के तो एकटाच घेतो, मग पंप कमजोर झाला की त्याची झळ तिथेही लागणारच ना. लक्ष टिकत नाही, नवीन सांगितलेलं राहत नाही, उत्तर द्यायला वेळ लागतो. जुन्या आठवणी बऱ्याचदा ठणठणीत असतात, म्हणून घरच्यांना पटत नाही.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा. रक्तातलं सोडियम कमी होणं, अ‍ॅनिमिया, थायरॉईड, झोपेत श्वास अडकणं, डिप्रेशन, यातलं काहीही विसरायला लावू शकतं आणि त्यावर इलाज असतो. सर्दीच्या किंवा झोपेच्या काही गोळ्यांनीही डोकं जड होतं, तेव्हा स्वतःहून काही घेत असतील तर तेही सांगा. स्मरणशक्ती आणि लक्ष तपासायची ३० मार्कांची एक छोटी टेस्ट असते, दहाएक मिनिटांची, ती करून घ्या म्हणजे नंतर ताडून बघता येईल. आणि चष्म्याचा नंबर, कान तपासा हो, ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार!

वेळ कुठली हा मोठा मुद्दा. लघवीची गोळी घेतल्यावर पुढचे दोन-तीन तास बाथरूमच्या फेऱ्या चालू असतात, त्या वेळात व्यायामाला बसवू नका. जेवल्या जेवल्या पण नको. संशोधनात रोज तासभर, आठवड्यात ५ दिवस, असं ८ आठवडे कॉम्प्युटरवर मेंदूचा व्यायाम करून घेतल्याचं वाचलं होतं, पण थकणाऱ्या माणसाला एका दमात तास झेपत नाही, १५-२० मिनिटांचे दोन तुकडे करा.

अ‍ॅप घ्यायचंच तर बरोबर उत्तरं आली की आपोआप अवघड होणारं घ्या, सोपं तेच रोज खेळून काही होत नाही. शब्दकोडं वाईट नाही, पण त्यात आधीच माहीत असलेलं आठवायचं असतं. आता खरं सांगते, असल्या सरावाने माणूस मुख्यतः ज्याचा सराव केला त्यातच सुधारतो, गेममध्ये स्कोर वाढला म्हणून गोळी आठवेलच असं नाही. म्हणून आम्ही आजाराचीच कामं व्यायामाला घेतली.

पहिलं वजन. सकाळी लघवी करून, काही खायच्या आधी काट्यावर उभं राहायचं, मग वही न उघडता कालचा आकडा सांगायचा, फरक तोंडी काढायचा आणि मगच वही बघायची. एका दिवसात साधारण १ किलोच्या वर किंवा आठवड्यात २ किलोच्या वर वाढलं तर डॉक्टरांना फोन (त्यांनी वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा).

दुसरं गोळ्या. रोज सरावासाठी एकच गोळी निवडा, तिचं नाव काय आणि ती कशासाठी. सांगा, लगेच विचारा, मग १ मिनिटाने, २, ४, ८ असं अंतर वाढवत विचारा, मध्ये दुसऱ्या गप्पा मारायच्या. चुकलं तर अंदाज लावायला लावू नका, उत्तर सांगून टाका आणि आधी जमलेल्या अंतरावर परत या. पण खऱ्या डोसवर परीक्षा अजिबात घेऊ नका, वारांचे कप्पे असलेला डबा आणि मोबाईलचा अलार्म तसाच राहू दे आणि डबा भरल्यावर दुसऱ्याने तपासायचाच.

पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर दुपारी विचारायचं, आत्तापर्यंत किती झालं? आणि कागदाशी पडताळायचं. लक्षासाठी, तुम्ही बातमी मोठ्याने वाचा आणि ठरवलेला शब्द आला की त्यांनी टाळी वाजवायची, मजा येते यात. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर रोज चालणंही हवं, बोलता येईल इतक्या वेगाने. तोल जात असेल तर चालता चालता कोडी नकोत, बसूनच करा.

"एवढं साधं आठवत नाही?" हे वाक्य घरातून हद्दपार. मी ते म्हटलेलं आहे, बाबांनी दोन दिवस वही उघडली नाही.

धाप, चक्कर, छातीत दुखणं, काहीही झालं तर लगेच थांबा, आणि छातीतलं दुखणं थांबत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागली तर थेट हॉस्पिटल. माणूस अचानक गोंधळला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एक हात लुळा पडला, तर वाट बघत बसू नका, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.

सुधारणा मोजायची तर स्कोर लिहूच नका, आठवड्यातून किती वेळा कुणी आठवण न करून देता ते स्वतः काट्यावर उभे राहिले एवढंच वहीत लिहा. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात एकदा होतं, आता पाच वेळा असतं, रविवारी मात्र हमखास विसरतात.