कोशाची करवती साडी घेताय? आधी काठ उलटा करून बघा

लग्नसराई आली की सगळीकडे पैठणी पैठणी सुरू होतं, होऊ दे, पण आमच्या नागपूर-भंडाऱ्याकडची करवती काठाची कोशाची साडी पण एकदा बघा ना. अडचण एवढीच की दुकानात 'प्युअर कोसा' म्हणून काय वाट्टेल ते गळ्यात मारतात, म्हणून ओळखायचं कसं ते लिहितेय.

कोसा म्हणजे टसर रेशीम, ते कुठून येतं ते आधी थोडं सांगते, म्हणजे कापड हातात घेतल्यावर काय बघायचं ते कळेल. पैठणीचं रेशीम तुतीवर वाढणाऱ्या अळीचं, ती अळी शेडमध्ये आयता पाला खाते. कोशाची अळी म्हणजे टसरची, ती जंगलात ऐनाच्या नाहीतर अर्जुनाच्या झाडावर उघड्यावर वाढते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात ढिवर समाजातले लोक पिढ्यान्‌पिढ्या हे करतात. पावसाळा लागला की अळ्या झाडावर चढवायच्या आणि कोष होईपर्यंत राखण करत बसायचं, कारण कावळ्यांपासून मुंग्यांपर्यंत सगळ्यांनाच ती जाडजूड हिरवी अळी हवी असते. झाडाचा पाला संपला की अळ्या फांदीसकट उचलून दुसऱ्या झाडावर. मग ऊन, पाऊस, पाला जसा मिळेल तसा कोष, त्यामुळे धागा कुठे जाड कुठे बारीक, आणि रंग मुळातच मधासारखा गव्हाळ. कोष एवढा टणक की नुसत्या गरम पाण्याने सुटत नाही, सोडा घालून उकळावा लागतो, आणि आत्ताआत्तापर्यंत बायका तो धागा मांडीवर वळून काढायच्या, कातडी सोलवटून निघायची. हल्ली त्यासाठी मशीन आल्यात ते बरंच झालं, परंपरा गेली म्हणून उगाच गळे काढायला नकोत.

तर पहिली परीक्षा हाताची. साडीचं अंग उजेडात धरा, आडव्या धाग्यात बारीक गाठी आणि जाड-बारीक रेषा दिसल्या पाहिजेत, हाताला किंचित खरखरीत लागलं पाहिजे. चमक असते पण मंद. आरशासारखं चकचकीत आणि एकदम गुळगुळीत असेल तर घडी घालून परत द्या. एक मात्र आहे, उभ्या ताण्याला आजकाल बऱ्याचदा चिनी किंवा कोरियन टसर लावतात कारण ते एकसारखं असतं आणि मागावर कमी तुटतं, ही फसवणूक नाही पण विचारून घ्या, भाव त्याप्रमाणे पाहिजे.

आता खरी मेख काठात. करवतीच्या दात्यांसारखी जी नक्षी असते (रामटेकच्या देवळावरून घेतली असं सांगतात) ती हातमागावर तीन धोट्यांनी (आडवा धागा इकडून तिकडे नेणारी नळी म्हणजे धोटा) होते, एक मधल्या अंगाचा आणि दोन काठांचे दोन. अंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, काठाच्या बाण्यात अडकवून मागे वळवतात, म्हणजे अंगाचा धागा काठात शिरतच नाही. हेच तपासायचं. काठ नखाने जरा फाकवा, लाल काठ असेल तर उभा धागा पण लाल आणि आडवा पण लाल दिसला पाहिजे. आडवा धागा साडीच्या अंगाच्या रंगाचा निघाला, काठ मिश्र रंगाचा वाटला, किंवा उलट्या बाजूला सुटे लोंबते धागे दिसले तर तो एकाच धोट्याने मारलेला काठ, बहुतेक पॉवरलूमचाच. दुकानदार कितीही शपथा घेऊ दे.

जाळून बघायचं असेल तर पदराच्या टोकाचा एखादा सुटा धागा मागा. रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. पण काठाचा धागा जाळून भांडायला जाऊ नका हं, करवतीचा काठ पारंपरिक पद्धतीत सुतीच असतो, त्याला कागद जळल्यासारखाच वास येणार!

लेबलचं पण बघा, सिल्क मार्क म्हणजे रेशीम खरं, हँडलूम मार्क म्हणजे हातमागावर विणलेलं, एक आहे म्हणून दुसरं असेलच असं नाही, दोन्ही असतील तर उत्तम. आणि जमलं तर सरळ भंडारा जिल्ह्यात आंधळगाव, मोहाडीकडे जा, कोष्टी विणकरांचे माग आहेत, माग चालू असताना तीन धोटे डोळ्यांनी बघून घ्या, तेवढी खात्री कुठलंच लेबल देणार नाही.

घरी आणल्यावर धुवायला टाकू नका, अंग रेशमाचं आणि काठ सुती, पाण्यात दोन्ही सारखे आटत नाहीत आणि काठाला चुण्या पडतात, सरळ ड्रायक्लीन. सुती पंच्यात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, दोन-तीन महिन्यांनी घडी बदला नाहीतर घडीवरच विरते. सोवळ्यात नेसायला घेणार असाल तर बिनरंगवलेला गव्हाळ कोसाच घ्या, रंग जायची भानगड नाही.