हेवी लायसन्स हातात पडलं म्हणून ट्रेनिंग सोडताय? या चुका टाळा

दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या उतरायला लागल्या की कराड, वाळवा, पलूस पट्ट्यात ड्रायव्हरची चणचण सुरू होते. हेवी लायसन्स नुकतंच काढलेल्या पोराला फोन येतो, "गाडी उभी आहे, खेपेवर पैसे, उद्यापासून ये." ट्रेनिंग तिथंच सुटतं. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

लायसन्सला काय लागतं ते आधी बघा. वय 20 पूर्ण, लाइट मोटरचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं, डॉक्टरचा फॉर्म 1-ए (तब्येतीचा दाखला) आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म 5 (शिकून झाल्याचा दाखला). मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरसाठी 2021 साली जे नियम आले, त्यात हेवीचा कोर्स 38 तासांचा आहे, सहा आठवड्यांत विभागलेला. त्यातलेही काही तास वर्गात जातात. उरलेल्या वेळात क्लच, गियर, वळण, रिव्हर्स एवढं बसतं. 28.5 टन एकूण वजनाची दहाचाकी भरून घाट उतरवणं त्यात शिकून होत नाही. ते उस्तादाच्या, म्हणजे जुन्या अनुभवी ड्रायव्हरच्या हाताखालीच शिकावं लागतं, म्हणून कोर्सनंतरचे निदान सहा महिने सेकंड ड्रायव्हर म्हणून काढा असं आमचं मत आहे.

महिने मोजू नका, तास मोजा

आता याची दुसरी बाजू. ट्रेनी म्हणून ठेवायचं आणि क्लीनरचं काम करून घ्यायचं, असे मालक कमी नाहीत. ताडपत्री ओढा, दोर आवळा, काच पुसा, आणि स्टिअरिंग मिळणार ते पहाटे रिकाम्या गाडीचं, हायवेच्या सरळ पट्ट्यात. अशा ठिकाणी वर्ष काढलं तरी ड्रायव्हर होत नाही. वही ठेवा आणि प्रत्येक खेपेला लिहा: किती तास चालवली, भरलेली की रिकामी, दिवसा की रात्री, घाट होता का. दोन महिन्यांत भरलेल्या गाडीचा एकही घाट वहीत आला नाही, तर खुशाल दुसरा उस्ताद शोधा. ट्रेनिंग लांबलं म्हणून कंटाळून सोडणं वेगळं आणि ट्रेनिंग होतच नाही म्हणून सोडणं वेगळं.

घाटातली चूक

ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो. नवीन ड्रायव्हरचा ब्रेक घाटात "फेल" होतो, तेव्हा बऱ्याचदा हवा संपलेली नसते. काटा पूर्ण हवा दाखवत असतो आणि गाडी थांबत नाही. कारण असं, की सतत पाय दाबून ठेवला की चाकातला ब्रेकचा ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीपासून) लांब जातो. हवेच्या जोरानं ब्रेक लावणाऱ्या दांड्याला, म्हणजे पुश रॉडला, जास्त लांब सरकावं लागतं, वर तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. हवा आहे, पण तिचा जोर चाकापर्यंत पोचत नाही.

कराडहून पाटण, कोयनानगरमार्गे चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट उतरावा लागतो. तिथं क्रम असा ठेवा. उतार सुरू व्हायच्या आधी गाडी थांबवा. ब्रेकच्या दोन्ही सर्किटची (हवेच्या दोन वेगळ्या लाइनींची) हवा काट्यावर साधारण 8 बारच्या वर आहे ना ते बघा. लो एअरचा बझर वाजत असेल तर हलूच नका. गियर घाटमाथ्यावर थांबलेले असतानाच निवडा. ज्या गियरमध्ये ब्रेक न लावता गाडी 20-25 च्या वेगाला धरून राहते, तो गियर बरोबर. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग धरणारा ब्रेक) चालू करा. वेग वाढला की ब्रेक ठाम दाबा, सात-आठ किलोमीटरनं वेग उतरला की पूर्ण सोडा, ड्रमला वारा लागू द्या. पाय हलका ठेवून सारखा घासत राहणं सगळ्यात वाईट.

मध्येच गियर खाली पाडायला जाऊ नका. भरलेल्या गाडीला उतारावर गियर बसला नाही, तर ती न्यूट्रलमध्येच सुटते. डिझेल वाचवायला मुद्दाम न्यूट्रल करणारे महाभागही असतात. त्यात इंजिनचा धरून ठेवणारा जोर जातो, इंजिन आयडलला आल्यानं कॉम्प्रेसर हवा हळू भरतो आणि ब्रेक मात्र जास्त लागतात.

लायनरचा जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा, चाकांना ठोकळे लावा, गियरमध्ये ठेवा आणि अर्धा-पाऊण तास गाडी निवू द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, तडा जातो.

हे सगळं शेजारी जाणता माणूस बसलेला असताना पाच-सात वेळा करून झालं, की मगच घाटात एकट्यानं उतरा.

फडातली गाडी आणि टँकर

उसाची खेप जवळची, म्हणून सोपी वाटते. खरं तर नवख्यासाठी ती अवघड. पाणी दिलेल्या रानाच्या कडेला काळी माती वरून कोरडी दिसते आणि खालून ओली असते. डावी चाकं कडेला गेली की भरलेली गाडी कलंडते, कारण मोळ्या उंच रचल्यानं वजन वर गेलेलं असतं. आत शिरण्याआधी चालत जाऊन रस्ता बघा, वळायला जागा आहे का ते बघा, जमलं तर रिकामी असतानाच गाडी बाहेरच्या तोंडाला लावून भरा. जास्त भरल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. "मालक बघून घेईल" म्हणणारा मालक काट्यावर हजर नसतो. रात्री हायवेवर रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या असतात, तेव्हा डिपरच्या उजेडात थांबता येईल एवढाच वेग ठेवा.

मळीचा किंवा इथेनॉलचा टँकर पहिल्या वर्षी घेऊ नका. अर्धवट भरलेल्या टाकीतला माल ब्रेक मारल्यावर पुढं, वळणावर बाजूला लोटतो आणि गाडी ढकलतो. इथेनॉल तर ज्वलनशील आहे. त्याला धोकादायक मालाचं तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. ती नसताना अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो.

टायर आणि कागद

चाक बदललं की 50 ते 100 किलोमीटरवर नट पुन्हा आवळा. मागच्या जोड चाकांत दगड अडकलाय का ते प्रत्येक थांब्यावर बघा. ई-वे बिलावर (जीएसटीच्या माल वाहतुकीच्या ऑनलाइन पावतीवर) गाडी नंबर तुमच्याच गाडीचा आहे ना आणि मुदत उरलीय ना, ते माल भरतानाच तपासा. साध्या मालाला 200 किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते.

ट्रेनिंग देतो म्हणून कुणी कोरा स्टॅम्प पेपर किंवा मूळ लायसन्स ठेवून घेत असेल तर देऊ नका. झेरॉक्स द्या. किती महिने, पगार किती, स्टिअरिंग कधीपासून आणि मध्येच सोडलं तर किती पैसे कापणार, हे आधी कागदावर घ्या. डिजीलॉकरमधलं लायसन्स रस्त्यावर चालतं, पण नूतनीकरणाची तारीख तुम्हालाच लक्षात ठेवावी लागते. ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षांचं असतं.