रविवारचं मटण न सोडता तब्येत रुळावर कशी आणायची

गेल्या वर्षी माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट, 6.1 आलं. 5.7 ते 6.4 म्हणजे शुगर अजून घरात शिरलेली नाय पण दारात चप्पल काढतीय असं समजा. वय 43, वजन 84, आणि रिपोर्टच्या आदल्या रात्री पण मी साताऱ्याच्या मोती चौकातनं कंदी पेढेच घेऊन आलेलो. मग काय, जोशात मटण बंद, अंडी बंद, सगळंच बंद केलं आणि दोन महिन्यात वजन दीड किलोनं वाढलं! कारण साबुदाणा वडा, मिसळ, जिलेबी, चहाबरोबर खारी हे सगळं शाकाहारीच की हो.

तर सुरुवात ताटापासनं करा. आपल्याकडं काय असतं, तीन भाकरी, वर भाताचा डोंगर आणि कोपऱ्यात चमचाभर भाजी. ते उलटं करायचं. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ किंवा उसळ, उरलेल्या पावात भाकरी नाहीतर भात, दोन्ही नको. भाकरी ज्वारीची करा, बाजरीची करा, मधनंमधनं नाचणीची करा, पण "ज्वारी हेल्दी असती" म्हणून चार हाणल्या तर शुगर वाढणारच, हे मी स्वतः करून बघितलंय.

लोकांचा पहिला प्रश्न असतो प्रोटीनचं काय. राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशोब किलोमागं 0.83 ग्रॅम, म्हणजे 70 किलोच्या माणसाला दिवसाला 58 च्या आसपास. आता दिवसभराच्या तीन भाकरी धरा 18, दोन वाट्या डाळ 12, मोठी वाटी मटकी नाहीतर हुलग्याची उसळ 10, वाटीभर दही 5, मूठभर शेंगदाणे 7, इथंच 52 झालं, वर एक उकडलेलं अंडं 6. पावडरचा डबा लागतोय कुठं? आणि राजमा पायजे असेल तर बाहेरनं कशाला आणताय, आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला जीआय टॅग, म्हणजे त्या गावच्या मालाची सरकारी ओळख, आहे. फक्त रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि कुकरला चांगला मऊ शिजवा, कच्चट राहिला तर पोट बिघडतं.

अंडी-मटण पूर्ण सोडायचं असेल त्यांनी व्हिटॅमिन बी12 तपासून घ्या, ते भाजीपाल्यातनं मिळत नाय, दूध, दही, अंडी, मांस-मासे नाहीतर गोळी. माझं कमी निघालं, तेव्हापासनं अंडं परत चालू आणि रविवारी मटण, पण चार फोडी आणि वाटीभर रस्सा, पातेलं नाय. जेवल्या जेवल्या चहा प्यायची सवय असेल तर तास-दीड तास थांबा, चहामुळं जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाय. त्यापेक्षा उसळीवर लिंबू पिळा, त्यानं लोह उलट जास्त अंगी लागतं.

तेलाचं सांगतो, कारण खरी गोम तिथं आहे. रोज चमचे मोजत कोण बसतंय, महिन्याचा किराणा बघायचा. आमच्यात चार माणसांना पाच लिटरचा डबा लागायचा, म्हणजे माणशी दिवसाला 38 ग्रॅम पडलं. आता तीन लिटर आणतो, 23 वर आलं. डबा संपला की संपला, मधी पिशवी आणायची नाय. पहिल्या महिन्यात बायको वैतागली, 22 तारखेलाच डबा पालथा, मग आठ दिवस घरात नुसतं उकडलेलं नी भाजलेलं. मिठाचं पण तसंच, दिवसाला 5 ग्रॅमच्या आत म्हणजे एक छोटा चमचा, आणि त्यातच लोणचं, पापड, भडंग सगळं आलं.

आता व्यायाम. आठवड्याला निदान 150 मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, असं चालायचं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाय. साताऱ्यात राहून जिमची फी कशाला भरायची, अजिंक्यतारा किल्ला आहे ना समोर! पण पहिल्याच दिवशी माथा गाठायला जाऊ नका. मी गेलो, चढलो पण, आणि उतरताना पळत आलो, दुसऱ्या दिवसापासनं गुडघा धरला तो तीन आठवडे. चढताना दम लागतो पण गुडघ्याची वाट लागते ती उतरताना, त्यामुळं उतार सावकाश, छोटी पावलं टाकत. पहिले पंधरा दिवस सपाटीला चाला, मग डांबरी रस्त्यानं अर्ध्यापर्यंत जाऊन परत, मग दर आठवड्याला थोडं थोडं पुढं. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनचा टीशर्ट बघून काही जण डायरेक्ट यवतेश्वर घाटात पळायला निघतात, ती शर्यत 21 किलोमीटरची आहे भावांनो, तिला काही महिन्यांची तयारी लागते. छातीत दुखत असेल, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारा मगच किल्ला.

नुसतं चालून भागत नाय, आठवड्यातनं दोनदा ताकदीचं काहीतरी पायजे. हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाय, औंध संस्थानचे राजे भवानरावांनी सूर्यनमस्कार घराघरात नेले आणि 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकला कुस्तीत ब्राँझ मेडल घेणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. दहा बैठका, भिंतीला हात टेकून दहा जोर, सहा सूर्यनमस्कार, एवढ्यावर सुरू करा. गुडघे कुरकुरत असतील तर बैठका खुर्चीवरनं उठबस करून काढा.

पावसाळ्यात किल्ल्याच्या पायवाटेला शेवाळ असतं, धुकं पण असतं, मी तर जुलैत एकदा सपशेल आपटलोय. तेवढे महिने बिल्डिंगचा जिना वीस मिनिटं चढायचा नी लिफ्टनं खाली यायचं. खालच्या मजल्यावरचे काका हसतात, हसू द्या.